पासपोर्ट एक, टूर दुसरी, टोपीवर झेंडा तिसराच: सांघिक गोल्फमध्ये 'आपला' कोण?

बंकरवासी (धागाकर्ता)

टोकियो ऑलिम्पिकमधल्या गोल्फचा शेवटचा दिवस ज्यांनी पाहिलाय त्यांच्या डोक्यात रोरी सॅबॅटिनी हे नाव पक्कं बसलेलं असेल. कासुमिगासेकी मैदानावर शेवटच्या फेरीत ६१ फटके, ऑलिम्पिक विक्रम, रौप्यपदक. बॅग उचलायला कॅडी म्हणून खुद्द बायको. अंगावर रंग स्लोव्हाकियाचे. गडी मूळचा डर्बनचा. २००३ मध्ये ट्रेव्हर इमेलमनबरोबर त्याने दक्षिण आफ्रिकेसाठी गोल्फचा वर्ल्ड कप जिंकलाय, २००७ मध्ये प्रेसिडेंट्स कपला आंतरराष्ट्रीय संघातून खेळलाय. २०१८ च्या अखेरीस त्याने बायकोच्या देशाचं नागरिकत्व घेतलं.

या एका नावावरून गोल्फवेड्यांत कायम दोन तट पडतात. एक तट म्हणतो, उघड संधिसाधूपणा. ऑलिम्पिकला एका देशाचे दोनच खेळाडू, जागतिक क्रमवारीत पहिल्या पंधरात असतील तर जास्तीत जास्त चार. दक्षिण आफ्रिकेची रांग लांबलचक, स्लोव्हाकियाची जवळजवळ रिकामी. दुसरा तट म्हणतो, माणसाने लग्न केलं, देश आपलासा केला, पदक आणून दिलं, अजून काय पाहिजे?

मला पुढची भानगड जास्त रंजक वाटते. युरोपियन झाल्याबरोबर सॅबॅटिनी प्रेसिडेंट्स कपमधून आपोआप बाद. तिथे एका बाजूला अमेरिका आणि दुसऱ्या बाजूला युरोप सोडून उरलेलं जग. बरं, मग रायडर कपचं, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप या सामन्याचं, दार उघडलं का? अर्धंच. युरोपकडून रायडर कप खेळायचा तर युरोपातल्या देशाचं नागरिकत्व पुरत नाही, तिथल्या टूरचं (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचं), म्हणजे आताच्या डीपी वर्ल्ड टूरचं, सदस्यत्वही लागतं.

माझं म्हणणं असं की सांघिक गोल्फमध्ये खेळाडू कुणाचा हे पासपोर्टपेक्षा टूरचं सदस्यत्व जास्त ठरवतं. आणि निष्ठेचं म्हणाल तर ती सगळ्यात कडवी दिसते युरोपच्या संघात, ज्याला स्वतःचा देशच नाही. हे कसं काय? होऊन जाऊ दे चर्चा.

---

नऊ_नंबरी

नियमात बसतं एवढ्यावर एखादी गोष्ट शोभून दिसत नाही. एका देशाचा वर्ल्ड कप उचलायचा आणि दुसऱ्या देशाचं पदक गळ्यात घालायचं, हे मला तरी झेपत नाही. एकदा देशाकडून खेळलात की विषय संपला पाहिजे.

---

रानवारा

नऊ_नंबरी, तुमच्यासारखा विचार करणारे शंभर वर्षांपूर्वीही होते आणि त्यांनी काय गोंधळ घातला ते वाचण्यासारखं आहे.

१९२६ मध्ये वेंटवर्थला ब्रिटन विरुद्ध अमेरिका असा एक अनधिकृत सामना झाला. अमेरिकेच्या संघात टॉमी आर्मर होता, एडिनबराचा. जिम बार्न्स इंग्लंडचा. जो कर्कवुड ऑस्ट्रेलियाचा. तेव्हा अमेरिकेतल्या क्लबांमधून शिकवणारे निम्मे गोल्फर ब्रिटनहून बोटीने आलेले, त्यामुळे त्यात कुणाला फार वावगं वाटलं नसावं. ब्रिटनने १३.५ विरुद्ध १.५ असा धुव्वा उडवला. या आर्मरची गंमत अशी की १९२१ मध्ये तो हौशी खेळाडू म्हणून ब्रिटनकडून अमेरिकेविरुद्ध खेळला होता. म्हणजे पाच वर्षांत कुंपणाच्या दोन्ही बाजू.

पुढच्याच वर्षी, १९२७ ला, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला पहिला अधिकृत रायडर कप झाला तेव्हा अमेरिकेने ठरवलं की आपल्या मातीत जन्मलेलेच घ्यायचे. आर्मर त्याच वर्षी यूएस ओपन जिंकला, पण रायडर कपमध्ये त्याला जागा नाही.

ब्रिटनने तर त्याहून वरताण केली. ब्रिटनमध्ये जन्म पाहिजे आणि वास्तव्यही ब्रिटनमध्येच पाहिजे. १९३१ मध्ये पर्सी अ‍ॅलिस या अटीत अडकला, कारण तो बर्लिनच्या वानझे क्लबमध्ये नोकरीला होता. ऑब्रे बूमर पॅरिसजवळच्या क्लबात, तोही बाहेर. हेन्री कॉटनला सामन्यानंतर अमेरिकेत थोडं खेळून परतायचं होतं. संघाने सगळ्यांनी एकत्रच परत यायचं असा दंडक, म्हणून तोही गेला नाही. तीन चांगले गडी घरी ठेवून ब्रिटन ओहायोला गेलं आणि ९-३ ने हरून आलं.

पर्सी बर्लिनमध्ये असतानाच, त्याच १९३१ साली, त्याला तिथे मुलगा झाला. तो पीटर अ‍ॅलिस. बर्लिनमध्ये जन्मलेला हा पीटर पुढे ब्रिटनकडून आठ रायडर कप खेळला. बापाला बर्लिनने अडवलं, पोराला बर्लिनचा जन्मदाखला आड आला नाही.

'एकदा खेळलात की विषय संपला' हा नियम सरळ दिसतो. पण असा नियम लिहायला बसलं की त्यात कोण कुठे पोटापाण्याला गेलंय हे घुसतंच.

---

शंकेखोर

उत्तम प्रतिसाद. एक बाळबोध प्रश्न: मग ब्रिटनचं युरोप कधी झालं आणि का? ब्रिटिशांनी एवढ्या सहज मानलं?

---

मुक्तछंद

@शंकेखोर, मार खाऊन खाऊन. १९२७ ते १९७७ या काळात २२ सामने झाले, त्यातले १८ अमेरिकेचे. ब्रिटनचे तीन, आणि एक बरोबरी, तीच ती १९६९ ची, जिथे जॅक निकलॉसने टोनी जॅकलिनला शेवटचा छोटा पुट (होलमध्ये ढकलायचा फटका) मारायला न लावताच मान्य केला होता. (अवांतर: निकलॉसचा तो पहिलाच रायडर कप. तोवर त्याच्या नावावर सात मेजर (सर्वांत मानाच्या चार स्पर्धांतली विजेतेपदं) होत्या, पण अमेरिकेच्या पीजीएचं, म्हणजे व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेचं, पूर्ण सदस्यत्व मिळायला काही वर्षं उमेदवारी करावी लागायची. धागाकर्त्यांच्या 'सदस्यत्व' मुद्द्याला हे पूरक.)

१९७७ ला रॉयल लिदमला पुन्हा एकतर्फी झाल्यावर निकलॉसनेच ब्रिटिश पीजीएचे अध्यक्ष लॉर्ड डर्बी यांच्याकडे विषय काढला की युरोप खंडातले खेळाडू घ्या, नाहीतर यात राम उरणार नाही. १९७९ ला सेव्हे बॅलेस्टेरोस आणि अँटोनियो गॅरिडो हे दोन स्पॅनिश आले. म्हणजे युरोपचा संघ युरोपप्रेमातून जन्मला नाही. प्रतिस्पर्ध्याला तुल्यबळ कुणीतरी हवं होतं म्हणून जन्मला.

आणि आज ज्याला 'युरोपचा आत्मा' वगैरे म्हणतात तो सेव्हे १९८१ च्या संघात नव्हताच! हजेरीच्या मानधनावरून त्याचं टूरशी वाजलं होतं, निवड समितीने त्याला वगळलं. वॉल्टन हीथवर युरोप १८.५-९.५ असा झोपला. १९८३ साठी कॅप्टन झालेल्या जॅकलिनने सेव्हेची समजूत काढून त्याला परत आणलं. त्या वर्षी एका गुणाने हरले, १९८५ ला बेलफ्रीवर जिंकले, १९८७ ला थेट निकलॉसच्या म्युअरफील्ड व्हिलेजवर जाऊन अमेरिकेला तिच्या घरात पहिल्यांदा हरवलं.

सेव्हेची निष्ठा कुणाशी होती? स्पेनशी होती, सांतांदेरजवळच्या पेड्रेन्याशी होती. 'युरोप'शी? मला वाटतं त्याला अमेरिकन टूरकडून जी वागणूक मिळाली तिचा राग आणि जॅकलिनने दिलेला मान, या दोन गोष्टींनी त्याचा युरोप तयार झाला.

---

नऊ_नंबरी

राग हा निष्ठेचा पाया असेल तर कठीण आहे :)

---

मुक्तछंद

कठीण कशाला, भक्कम असतो तो.

---

तिसरी_खेळी

इथे दुसऱ्या रोरीचं नाव अजून कसं आलं नाही? मॅकिलरॉयशिवाय हा विषय अपुरा आहे.

तो उत्तर आयर्लंडचा, हॉलिवूड गावचा. पासपोर्टच्या हिशोबाने ब्रिटिशही, आयरिशही. पण आयर्लंडमध्ये गोल्फ कधी फाळणी झाल्यासारखा वागलाच नाही. गोल्फिंग युनियन ऑफ आयर्लंड १८९१ ची, देशाची फाळणी त्यानंतर तीस वर्षांनी. त्यामुळे बेलफास्टचं पोर गोल्फमध्ये पुढे आलं की ते आपसूक 'आयर्लंड'कडून खेळतं. रोरी हौशी असताना तसाच खेळला, नंतर ग्रॅम मॅकडॉवेलबरोबर वर्ल्ड कपलाही आयर्लंडकडूनच. वर्ल्ड कपमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे असायचे. वेल्सने तो दोनदा जिंकलाय. रायडर कपला सगळे युरोप. सगळं सुरळीत, कुणी कुणाला 'तू कोण' म्हणून विचारलं नाही.

मग गोल्फ ऑलिम्पिकमध्ये परत येणार हे ठरलं आणि तिथे वेल्स नाही, स्कॉटलंड नाही: ग्रेट ब्रिटन किंवा आयर्लंड, एक निवडा. २०१२ ला रोरी एका मुलाखतीत बोलून गेला की आपल्याला आयरिशपेक्षा ब्रिटिश जास्त वाटतं, आणि गदारोळ उठला. त्याला चाहत्यांना उद्देशून जाहीर पत्र लिहावं लागलं. २०१४ ला त्याने आयर्लंड निवडलं. २०१६ ला झिकाचं कारण देऊन रिओला गेलाच नाही. २०१७ ला मात्र मनातलं बोलला: ऑलिम्पिकने मला मी कोण हे ठरवायला भाग पाडलं, त्याचा मला राग आहे.

आता नऊ_नंबरी, तुमच्या नियमाने या मुलाचं काय करायचं सांगा. त्याने देश बदलला नाही, पासपोर्टची हौस केली नाही. जन्मला तिथेच प्रश्न होता.

आणि याच माणसाला २०२१ मध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्सवर बघा. युरोप १९-९ असा हरतोय, रोरीने शेवटच्या दिवशी आपला सामना जिंकलाय, आणि कॅमेऱ्यासमोर त्याला रडू आवरत नाही. २००९ ला हाच रायडर कपला 'प्रदर्शनी सामना' म्हणाला होता. निळ्या-पिवळ्या झेंड्याखाली त्याला कुणी ब्रिटिश की आयरिश हे विचारत नाही, म्हणून तर तो तिथे एवढा मोकळा होतो, असं माझं मत.

---

बंकरवासी

तिसरी_खेळी, अगदी हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही चांगलं मांडलंत. टोकियोत तोही आयर्लंडकडून खेळलाच की. कांस्यपदकासाठी सात जणांचा प्लेऑफ झाला, रोरीला मिळालं नाही, आणि नंतर म्हणाला की तिसरा येण्यासाठी आयुष्यात एवढी धडपड केली नव्हती. ते कांस्य मिळालं सी. टी. पॅनला, जो 'चायनीज तैपेई' या नावाखाली खेळत होता. आणि सुवर्ण झँडर शॉफलीला: वडील जर्मन-फ्रेंच, आई तैवानची पण वाढलेली जपानमध्ये. पोडियमवर तीन माणसं आणि तिघांपैकी एकाचाही झेंडा एका वाक्यात समजावून सांगता येत नाही.

---

शंकेखोर

ब्रेक्झिटनंतर इंग्रज लोक रायडर कपमध्ये कसे चालतात? की ते फक्त सामन्यापुरते युरोपियन?

---

रानवारा

रायडर कपचा युरोप म्हणजे खंड, युरोपियन युनियन नव्हे. व्हिक्टर हॉव्हलंड नॉर्वेचा, नॉर्वे कधीच युनियनमध्ये नव्हता. झेंडा तेवढा युनियनसारखा बारा ताऱ्यांचा, त्यामुळे गैरसमज होतो. ब्रेक्झिटला मत देणारा इंग्रज प्रेक्षक तोच झेंडा अंगाला गुंडाळून 'युरोप, युरोप' ओरडतो हे दृश्य मात्र पाहण्यासारखं असतं.

---

आळशी_अजगर

सगळे युरोपच्या मागे लागलेत, जरा आंतरराष्ट्रीय संघाकडे बघा की. प्रेसिडेंट्स कप १९९४ ला सुरू झाला. २०२४ पर्यंत १५ सामने, अमेरिकेने १३ जिंकले. १९९८ ला रॉयल मेलबर्नवर एक विजय, २००३ ला फॅनकोर्टला बरोबरी. बास.

धागाकर्त्यांचं म्हणणं 'देश नसलेल्या संघात निष्ठा कडवी'. मग इथे का नाही दिसत? इथेही देश नाही. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, कोरिया, जपान, कॅनडा, कोलंबिया, सगळे एका खोलीत. नुसता देश काढून घेतला की भागत नाही. ज्या संघाची व्याख्याच 'युरोप नसलेले' अशी नकारार्थी आहे त्याने कशाच्या नावाने ओरडायचं? २०१९ ला कॅप्टन एर्नी एल्सने संघासाठी नवीन ढालीचं चिन्ह करून घेतलं ते यासाठीच. त्या वर्षी तिसऱ्या दिवसअखेर १०-८ असे पुढेही होते. मग शेवटच्या दिवशी सिंगल्समध्ये (एकास एक लढतींत) गेलं, १६-१४.

वेस्ट इंडीजच्या क्रिकेट संघाची आठवण येते. तिथेही देश अनेक, संघ एक. पण त्यांच्यामागे एक सामायिक इतिहास होता, जुनी सल होती. बोगोटा आणि सोलच्या गोल्फरांमध्ये असं काय आहे?

तरी एक सामना मी विसरू शकत नाही. २०१५, कोरियात इंचॉन. संघात बे सांग-मून, ज्याची सक्तीच्या लष्करी सेवेला मुदतवाढ मिळवण्याची कोर्टातली लढाई नुकतीच हरून झालेली. कॅप्टन निक प्राइसने त्याला तरी घेतलं. हे खेळून झालं की दोन वर्षं बंदूक. आणि सगळ्या स्पर्धेचा निकाल शेवटी त्याच्याच सामन्यावर येऊन ठेपला. अठराव्या होलवर चिप फसली, चेंडू घरंगळत परत पायाशी. बिल हासने जिंकलं, अमेरिका १५.५-१४.५. त्याच दिवशी अनिर्बान लाहिरीचाही क्रिस कर्कविरुद्ध अठराव्यावर छोटासा पुट हुकला होता. त्या संध्याकाळी तो संघ मला पहिल्यांदा संघासारखा वाटला.

कोरियन खेळाडूंचं आणखी एक त्रांगडं असं की प्रेसिडेंट्स कप कितीही जिंका, लष्करातून सूट नाही. ऑलिम्पिक पदक किंवा एशियाडचं सुवर्ण हवं. इम सुंग-जे आणि किम सी-वू यांना हांगझोच्या सांघिक सुवर्णाने ती मिळाली. निष्ठेचा हिशोब तिथे भावनेचा नाही, सरळ सरकारी आहे.

---

सावळागोंधळ

आता लिव्हवर, म्हणजे सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्धी टूरवर, बोलूया का? कुणीच हात घालत नाहीये.

हेन्रिक स्टेन्सनला मार्च २०२२ मध्ये युरोपचा कॅप्टन केलं, जुलैमध्ये तो लिव्हकडे वळल्याबरोबर काढलं. ल्यूक डोनाल्ड आला. लिव्हमध्ये खेळणाऱ्या सदस्यांना दंड करता येतो का या वादात एप्रिल २०२३ ला लवादाने युरोपच्या टूरच्या बाजूने निकाल दिला, आणि मे महिन्यात गार्सिया, वेस्टवूड, पोल्टर यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. सर्जियो गार्सिया रायडर कपच्या इतिहासात सर्वाधिक गुण मिळवणारा, २८.५. तो स्पॅनिशच राहिला, युरोपियनच राहिला, पण 'युरोप'चा राहिला नाही. नंतर दंड चुकता करून त्याने परत सदस्यत्व मिळवलं.

जॉन राम जास्त हुशार निघाला. २०२३ च्या डिसेंबरात लिव्हशी करार केला पण सदस्यत्व सोडलं नाही, दंडाविरुद्ध अपील ठोकलं, आणि अपील प्रलंबित असताना २०२५ ला बेथपेजवर रायडर कप खेळला. इंग्लंडच्या टिरेल हॅटनचंही तेच. म्हणजे युरोपशी निष्ठा ही शेवटी एका अपिलाच्या कागदावर टिकून होती!

आणि आंतरराष्ट्रीय संघाचं तर कंबरडंच मोडलं. प्रेसिडेंट्स कप अमेरिकेच्या पीजीए टूरच्या मालकीचा, त्यामुळे २०२२ ला कॅम स्मिथ, नीमन वगैरे बाद. स्मिथ त्याच वर्षीचा ब्रिटिश ओपन विजेता होता. यात देशाचा संबंध कुठे आला?

---

नऊ_नंबरी

सावळागोंधळ, पण मग टूरने करायचं काय? रायडर कप घरच्या मैदानावर झाला की त्या पैशावर टूरची पुढची काही वर्षं निघतात. ज्यांनी समोरच्या दुकानाचे पैसे घेतले त्यांनाच गल्ल्यावर बसवायचं? मला गार्सियाबद्दल काडीची सहानुभूती नाही. तो गेला तेव्हा किंमत काय मोजावी लागेल हे त्याला माहीत होतं.

---

मुक्तछंद

पैशाचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेकडेही बघा. १९९९ ला वुड्स, ड्युव्हल, ओ'मेरा यांनी विचारलं की आमच्या जिवावर एवढी कमाई होते ती जाते कुठे. त्यावर तोडगा निघाला तो दानधर्माचा: प्रत्येकाच्या नावाने दोन लाख डॉलर. २०२५ ला ती रक्कम पाच लाख झाली, त्यात तीन लाख दानाला आणि दोन लाख खेळाडूच्या हातात. युरोपचे खेळाडू काही घेत नाहीत. बेथपेजवर युरोप १५-१३ ने जिंकला आणि लोकांनी लगेच गणित मांडलं, पैसे घेतले म्हणून हरले. मला हे भंपक वाटतं. सिंगल्समध्ये अमेरिकेने जवळजवळ सगळं परत खेचून आणलं होतं, ते काय फुकट खेळणाऱ्यांनी?

---

तिसरी_खेळी

सहमत. शिवाय युरोपियनांच्या फकिरीचं फार कौतुक नको. संघातले कितीतरी जण अमेरिकेत राहतात, काही तर अमेरिकन कॉलेजांत शिकलेले, अमेरिकन टूरवर करोडो कमावलेले. फुकट खेळणं त्यांना परवडतं.

---

बंकरवासी

सेप स्ट्राका हा त्याचा कळस. व्हिएन्नात जन्म, वडील ऑस्ट्रियन, आई अमेरिकन. चौदाव्या वर्षी जॉर्जियात आला, तिथेच शाळा, तिथेच कॉलेज, बोलतो अस्सल दक्षिणी अमेरिकन हेल काढून. आणि २०२३, २०२५ दोन्ही वेळा युरोपकडून. अमेरिकेकडून खेळायचं ठरवलं असतं तरी कुणी भुवई उंचावली नसती. आळशी_अजगर यांच्या मुद्द्यावर हेच माझं उत्तर: युरोपच्या संघात खोली आधीपासून भरलेली आहे, जुने लोक आहेत, नवा आला की त्याला सांगायला गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय संघात दर दोन वर्षांनी पहिल्यापासून ओळखी करून घ्यायच्या.

---

शंकेखोर

बायकांमध्ये काय परिस्थिती?

---

रानवारा

सॉल्हाइम कप, १९९० पासून, अमेरिका विरुद्ध युरोप. गंमत म्हणजे ज्याच्या नावाने आहे तो कार्स्टन सॉल्हाइम नॉर्वेत जन्मला आणि अमेरिकेत मोठा झाला, पिंग कंपनीचा संस्थापक. पण खरा अन्याय लिडिया कोवर. सोलला जन्म, न्यूझीलंडची खेळाडू, ऑलिम्पिकची तिन्ही पदकं गळ्यात, आणि सॉल्हाइम कपला तिला बाजूच नाही. महिलांच्या गोल्फमधला मोठा भाग आशियात आहे आणि मुख्य सांघिक स्पर्धा अटलांटिकच्या दोन काठांपुरती. पात्रतेच्या नियमांवर वाद घालायचा तर मी आधी हा घालीन.

---

नऊ_नंबरी

हे मात्र मान्य. बाकी माझा नियम थोडा सैल करून मांडतो: अठराव्या वर्षी एकदा जाहीर करा, देश किंवा खंड, आणि मग आयुष्यभर तेच. टूर कुठलीही खेळा, पैसे कुणाचेही घ्या, संघ बदलणार नाही आणि कुणी काढणारही नाही. गार्सियाही आत, सॅबॅटिनी दक्षिण आफ्रिकेचाच.

---

सावळागोंधळ

अठराव्या वर्षी स्ट्राका जॉर्जियात होता आणि त्याचे सगळे मित्र अमेरिकन. तुमच्या नियमाने तो आज समोरच्या खोलीत बसला असता. आणि रोरीला अठराव्या वर्षीच तो प्रश्न विचारायचा, जो त्याला पंचविसाव्या वर्षीही नको होता?

---

नऊ_नंबरी

रोरीने 'युरोप' लिहायचं, ऑलिम्पिकला जायचंच नाही. नाहीतरी रिओला गेला नव्हताच.